‘डोअर टू बलून’ची मिनिटं घटली, मग मृत्यूदर का नाही घटला?

दवबिंदू
येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हार्लन क्रमहोल्झ यांचं संशोधन सध्या वाचतेय. नवं औषध किंवा नवी शस्त्रक्रिया हा त्यांचा मुख्य विषय नाही. जे उपचार आधीच सिद्ध झालेत ते रुग्णापर्यंत वेळेत पोहोचतात का, आणि घरी गेल्यावर त्या माणसाचं पुढे काय होतं, हे ते आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं मोजत आलेत.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं काम ‘डोअर टू बलून’ वेळेवरचं. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल (स्टेमी प्रकारचा झटका), तर रुग्ण दारात आल्यापासून वाहिनीत फुगा फुगवून ती उघडेपर्यंत ९० मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असा संकेत. अमेरिकेत २००५ मध्ये जेमतेम ४४ टक्के रुग्णांच्या बाबतीत हे साधत होतं. २००६ मध्ये एलिझाबेथ ब्रॅडली, क्रमहोल्झ आणि सहकाऱ्यांनी ३६५ रुग्णालयांचा अभ्यास करून वेगवान रुग्णालयं नेमकं काय वेगळं करतात ते शोधलं. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने देशभर मोहीम सुरू केली. २०१० पर्यंत ९१ टक्के रुग्ण ९० मिनिटांच्या आत, आणि मध्यक वेळ ९६ वरून ६४ मिनिटांवर! वाचून खरंच भारावून गेले.

आणि मग २०१३ चा एक शोधनिबंध हाती आला. वेगळ्या नोंदींवर आधारलेला, ९६ हजारांहून जास्त रुग्णांचा. त्यातही वेळ घटलेली, ८३ वरून ६७ मिनिटांवर. पण रुग्णालयातला मृत्यूदर आधी ४.८ टक्के, नंतर ४.७. म्हणजे होता तिथेच.

एवढी धावपळ, एवढी शिस्त, आणि माणसं तेवढीच दगावली? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ज्यांनी हे घरात अनुभवलंय त्यांनीही लिहा.

खोडरबर
घरी छाती चोळत दोन-तीन तास काढायचे आणि मग रुग्णालयाने १६ मिनिटं वाचवायची. फरक कसा पडणार? उत्तर मिळालं, धागा बंद करा :)

फुलपाखरू२
वाचते आहे. छान विषय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

कॅथलॅबवाली
खोडरबर, धागा एवढ्यात बंद नका करू, मला बोलायचंय :)

मी बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये (जिथे वाहिनीत नळी घालून हा फुगा फुगवतात ती खोली) परिचारिका म्हणून काम केलं. बदलाच्या आधीचा काळ पाहिलाय आणि नंतरचाही. आधी काय व्हायचं सांगते. रुग्ण कॅज्युअल्टीत आला, तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, निदान स्पष्ट. तरी ते फिजिशियनना फोन करणार. ते येऊन बघणार, मग ते हृदयरोगतज्ज्ञांना फोन करणार. ते म्हणणार ईसीजी पाठवा, किंवा मी येतो. ते आल्यावर ‘हो, घेऊया’ म्हणणार आणि मग कुठे आम्हाला एकेकाला घरी फोन जाणार. रात्री दोन वाजता एखाद्याचा फोन लागायचा नाही. हे सगळं होईपर्यंत रुग्ण तिथेच पडून, आणि नातेवाईक आमच्या तोंडाकडे बघतायत.

नंतर नियम साधा झाला. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने ईसीजी वाचला की त्यानेच कॅथलॅब चालू करायची, कोणाची परवानगी नको. एकच फोन ऑपरेटरला, तो एकदम सगळ्यांना कळवणार. ज्याची पाळी असेल त्याने वीस मिनिटांत हजर व्हायचं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक केसच्या वेळा सगळ्यांसमोर: दारात कधी आला, ईसीजी कधी, टेबलवर कधी घेतला, फुगा कधी. कोणाला बोल लावायला नव्हे, कुठे अडलं ते कळायला.

नवं यंत्र एकही आलं नव्हतं. माणसं तीच, हात तेच. आणि टेबलवर येणारा रुग्ण बोलता असायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे ‘काहीच फरक पडला नाही’ हे माझ्या गळी उतरत नाही.

दवबिंदू
@कॅथलॅबवाली, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी त्या २००६ च्या अभ्यासात जशाच्या तशा आहेत.

आकडेमोड
त्या चार गोष्टींचे आकडेही भारी आहेत. एका फोनवर सगळी टीम बोलावण्याने सरासरी जवळपास १४ मिनिटं वाचत होती. टीमने वीस मिनिटांत पोहोचावं अशी अपेक्षा असलेल्या ठिकाणी, अर्ध्या तासाहून जास्त मुभा देणाऱ्यांच्या तुलनेत, १९ मिनिटं. त्या चारांपलीकडची एक: रुग्ण अजून वाटेत असतानाच, रुग्णवाहिकेतल्या ईसीजीवरून कॅथलॅब चालू केली तर १५ मिनिटं. आणि यातल्या बहुतेक गोष्टी तेव्हा फार थोडी रुग्णालयं करत होती.

आता मूळ प्रश्न. दवबिंदू, तुम्ही जो २०१३ चा निबंध म्हणताय त्याने तेव्हा खळबळ उडवली होती. ‘मिनिटं मोजणं थांबवा’ इथपर्यंत मजल गेली. मग २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये नल्लमोथू आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, दीड लाख प्रक्रियांचा. क्रमहोल्झही त्यात होते. त्यांनी एकच प्रश्न दोन पातळ्यांवर विचारला. एकेका रुग्णाकडे पाहिलं तर दर दहा मिनिटं कमी झाल्यावर मृत्यूची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी कमी. पण वर्षागणिक एकूण गटाकडे पाहिलं तर मृत्यूदर खाली येत नव्हता.

दोन्ही एकाच वेळी खरं कसं? कारण गट बदलला. व्यवस्था वेगवान झाल्यावर पूर्वी ज्यांना अँजिओप्लास्टीसाठी (फुग्याने वाहिनी उघडण्यासाठी) घेतलंच नसतं, किंवा जे टेबलपर्यंत पोहोचण्याआधीच गेले असते, असे जास्त गंभीर रुग्णही आता यादीत आले. एखाद्या शाळेने कच्च्या मुलांनाही प्रवेश द्यायला सुरुवात केली आणि तरी निकाल पूर्वीइतकाच लागला, तर त्या शाळेतलं शिकवणं सुधारलं असंच आपण म्हणू ना? तसंच हे.

पिंपळपान
आकडेमोड, पटण्यासारखं आहे, पण एक शंका राहतेच. निकाल मनासारखा आला नाही की ‘रुग्ण बदलले’ म्हणायचं, आणि आला की ‘आमची मोहीम यशस्वी’. आकडे हवे तसे वळवता येतात. दुसरं म्हणजे एकेका रुग्णाच्या पातळीवर तरी कारण-परिणाम कुठे सिद्ध झालाय? ज्याच्यावर उपचार लवकर झाले तो कदाचित मुळातच बरा होता. गुंतागुंतीच्या, अत्यवस्थ रुग्णाला आधी स्थिर करावं लागतं, म्हणून त्याला वेळ लागतो, आणि म्हणून तो दगावतो. वेळ हे कारण नसून लक्षण असू शकतं.

आकडेमोड
पिंपळपान, शेवटचा मुद्दा रास्त आहे आणि संशोधकांनाही तो टाळता आलेला नाही. तीव्रतेचा हिशेब जमेल तेवढा वजा केला जातो, पूर्ण वजा होत नाही. पण ‘हवे तसे वळवता येतात’ याच्याशी असहमत. वळवलेले आकडे कसे ओळखायचे हेही याच क्षेत्राने शिकवलं.

१९८८ ची आयसिस-२ ही चाचणी घ्या. १७,१८७ रुग्ण. झटक्याच्या वेळी ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. सोबत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं तर ४२ टक्क्यांनी. मग आग्रह झाला की तरुण-म्हातारे, असा झटका-तसा झटका, प्रत्येक पोटगटाचा वेगळा निकाल द्या. संशोधकांनी दिला, आणि त्यात एक पोटगट राशींचाही टाकला. निकाल: मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा काही उपयोग नाही!

चकवा
मी मिथुन, बायको तूळ. आमच्या घरात ॲस्पिरिनची बाटली कशाला मग :))

रातराणी
चकवा, पत्रिका जुळवताना हे बघायला हवं होतं :)) एकाची तरी रास औषध लागू पडणारी हवी.

आकडेमोड
:)) गंमत बाजूला. अर्थ एवढाच की मोठा गट बारीक चिरत गेलात तर कुठेतरी विचित्र निकाल निव्वळ योगायोगाने हाती लागणारच. मिथुनवाल्यांनी झटक्याच्या वेळी डॉक्टरने दिलेली ॲस्पिरिन नक्की घ्यावी.

शेवंती
खोडरबर यांनी गमतीत लिहिलं, पण त्यात माझ्या आईची गोष्ट आहे.

आईला जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होतं, छातीत ‘दडपल्यासारखं’. डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पित्ताची गोळी दिली आणि ‘फार विचार करता तुम्ही, विश्रांती घ्या’ असं सांगितलं. ईसीजी काढला नाही. रात्री घाम सुटला तेव्हा दुसरीकडे नेलं. तिथे खरोखर भराभर सगळं झालं, कॅथलॅबवाली म्हणतात तसंच. आई वाचली, पण हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता. कागदावर त्या रुग्णालयाचा ‘डोअर टू बलून’ उत्तमच असणार. आईचं घड्याळ मात्र सकाळपासून चालू होतं, आणि ते कोणत्याच नोंदीत नाही.

डॉ_पानगळ
शेवंती, आईंना नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंय ते अपवादात्मक नाही, मोजलं गेलेलं आहे.

क्रमहोल्झ ज्यात होते तो ‘व्हर्गो’ अभ्यास १८ ते ५५ वयोगटातल्या झटका आलेल्या स्त्री-पुरुषांचा होता. छातीत दुखणं दोघांतही जवळजवळ सारखंच: स्त्रिया ८७ टक्के, पुरुष साडेएकोणनव्वद. म्हणजे ‘बायकांना छातीत दुखतच नाही’ हे खरं नाही. पण स्त्रियांना त्याबरोबर इतर तक्रारी जास्त असतात आणि त्या तक्रारींच्या गर्दीत छाती मागे पडते. अंगावर काटा आणणारा आकडा पुढचा आहे. दाखल होण्याआधी याच तक्रारींसाठी डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रियांना ‘हे हृदयाचं नाही’ असं सांगितलं गेलं होतं. पुरुषांमध्ये ३७ टक्के. आणि स्वतः रुग्णांनीही तक्रारीचं खापर ताणावर फोडलं, त्यातही स्त्रिया पुढे: २१ टक्के, पुरुष १२.

हे वाचताना डॉक्टर म्हणून मला शरम वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मूळ प्रश्नाला यातून उत्तर मिळतं असं मला वाटतं. वाहिनी बंद झाल्यापासून पहिल्या तास-दोन तासांत स्नायू सर्वांत वेगाने मरतो. १९८६ मध्ये इटलीतल्या ‘जिस्सी’ चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजने २१ दिवसांतला मृत्यूदर १३ टक्क्यांवरून १०.७ वर आला, म्हणजे साधारण १८ टक्के घट. पण त्रास सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांत घट ४७ टक्के! आता चौथ्या तासाला दारात आलेल्या रुग्णाची १६ मिनिटं वाचवली तर फायदा होतो, पण पहिल्या तासातली १६ मिनिटं वाचवण्याएवढा होत नाही. दार हे सोयीचं मोजमाप होतं, कारण रुग्णालयाच्या हातात तेवढंच होतं. खरं घड्याळ दुखायला लागल्यापासूनचं.

म्हणून नेहमीचंच पुन्हा सांगतो. छातीत दडपण, घाम, जबडा-हात-पाठीकडे जाणारी कळ, अचानक धाप, यांपैकी काही झालं तर स्वतः गाडी चालवत जाऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. नाही झाला तर मागा. भांडून मागा.

फुलपाखरू२
डॉक्टर, शेवटचा परिच्छेद घरातल्या सगळ्यांना पाठवतेय.

भटकी_जास्वंद
थोडं अवांतर होईल. माझ्या सासऱ्यांना झटका वगैरे आलेला नाही. चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. तपासणीत एक अडथळा सापडला आणि ‘लगेच स्टेंट टाका, नाहीतर कधीही काहीही होईल’ असं सांगितलंय. हा धागा वाचून आता भीतीच वाढली. मिनिटं मोजायची का आम्हीपण?

डॉ_पानगळ
जास्वंद, अवांतर नाही, उलट बरं झालं विचारलंत. दोन्ही ठिकाणी स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) तोच, पण आजाराचा टप्पा वेगळा.

वाहिनी आत्ता बंद झालीय तेव्हा ती उघडणं जीव वाचवतं. वर्षानुवर्षं साचत आलेला स्थिर अडथळा वेगळा. त्यासाठी ‘इस्केमिया’ ही मोठी चाचणी झाली, ३७ देशांत ५,१७९ रुग्ण, २०२० मध्ये प्रसिद्ध. निम्म्यांना औषधांसोबत आधीच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. निम्म्यांना आधी फक्त चांगली औषधं. तीन-सव्वातीन वर्षांत मृत्यू किंवा झटक्यांत ठोस फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वारंवार होत होतं त्यांचं. म्हणजे त्रास औषधांनी आटोक्यात येत नसेल तर स्टेंटला अर्थ आहे, आयुष्य वाढवण्याच्या आशेने घाई करण्यात नाही.

पण डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाचं पंपिंग खूप कमी असलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते. दुखणं अलीकडे वाढत चाललं असेल किंवा बसल्या जागी होत असेल तर तो स्थिर आजार राहिला नाही. तेव्हा सासऱ्यांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा: मुख्य वाहिनी आहे का, पंपिंग किती, आणि औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का. दुसरं मत घ्यायला इथे वेळ असतो.

भटकी_जास्वंद
खूप खूप आभार. तिन्ही प्रश्न लिहून घेतले.

उंबरठा
सगळे दारापर्यंतचं बोलताय, मला दाराबाहेर पडल्यानंतरचं बोलायचंय.

बाबांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही. पायांची सूज, धाप, म्हणून दाखल केलं. पाणी उतरवलं, वजन कमी झालं, डॉक्टर खूश, घरी सोडलं. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दाखल. आणि हृदयासाठी नाही! बाथरूममध्ये तोल जाऊन पडले, खुब्याला मार. मला कळेना, हृदय सुधारलं तर माणूस इतका अशक्त कसा झाला? घरून गेले तेव्हा काठीशिवाय चालत होते.

नंतर क्रमहोल्झ यांचाच २०१३ मधला एक छोटा लेख सापडला आणि वाटलं, अरे, हे तर बाबांबद्दल लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णालयातून सुटल्यानंतरचे काही आठवडे हा स्वतंत्र धोक्याचा काळ असतो, ज्या आजारासाठी दाखल झालात त्यापलीकडचा. कारणं काय, तर रात्रीची झोप मोडलेली, तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा उपाशी ठेवलेलं, दिवस-दिवस पलंगावर पडून स्नायू गेलेले, दुखणं, गुंगीची औषधं, सतत बदलणारे चेहरे आणि गोंधळ. शरीराचा साठाच संपतो. मग पडणं, न्यूमोनिया, पोटाचे त्रास, काहीही होतं.

आकडेही आहेत. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेतल्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्या, रुग्णांत हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्यांपैकी जवळपास २५ टक्के ३० दिवसांत पुन्हा दाखल होतात. आणि त्या पुन्हा दाखल होण्यातलं फक्त ३५ टक्के हार्ट फेल्युअरसाठी असतं. झटक्याच्या रुग्णांत तर पुन्हा झटका हे कारण दहातल्या एकाचंच.

आम्हाला डिस्चार्जच्या वेळी मिठाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. उठून चालताना आधार द्या, हे कोणीच सांगितलं नाही.

कॅथलॅबवाली
उंबरठा, वाचून गलबलून आलं. आमच्या बाजूने खरं सांगते: पहाटे रक्त घेणं, मध्यरात्री वजन-रक्तदाब, हे रुग्णासाठी नसतं, सकाळच्या राउंडला रिपोर्ट तयार हवेत म्हणून असतं. स्थिर रुग्णाला रात्री सलग झोपू द्या, यासाठी वॉर्डात आम्ही सिस्टर लोकांनी पुष्कळ झगडा केलाय. नातेवाइकांनी विचारलं तर आमचंही बळ वाढतं. ‘रात्रीची ही तपासणी गरजेचीच आहे का?’ एवढं विचारा, कोणी रागावत नाही.

पिंपळपान
उंबरठा, तुमच्या वडिलांना लवकर बरं वाटो.

पण या ३० दिवसांच्या आकड्याची दुसरी बाजू मांडायलाच हवी. ऑक्टोबर २०१२ पासून अमेरिकेत मेडिकेअरने नियम आणला: झटका, हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा दाखल झाले तर रुग्णालयाचे पैसे कापायचे. आधी कमाल १ टक्का, पुढे ३ टक्के. हे मोजमाप येलमधल्या क्रमहोल्झ यांच्या केंद्रानेच सरकारसाठी तयार केलेलं. पुन्हा दाखल होणं घटलं, टाळ्या वाजल्या. मग २०१८ मध्ये वाधेरा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: नियमानंतर हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या रुग्णांत डिस्चार्जनंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू वाढलेले. झटक्याच्या रुग्णांत नाही. म्हणजे दाखल करून घ्यायला हवं होतं त्यांनाही परत पाठवलं गेलं का? येलच्या गटाचे अभ्यास म्हणतात, तसं नाही, मृत्यूंचा त्या नियमाशी संबंध दिसत नाही. पण ज्यांनी मोजपट्टी बनवली त्यांनीच ती बरोबर आहे असं सांगावं, हे मला खटकतं.

आकडेमोड
खटकणं योग्य आहे. एक जोडतो: हार्ट फेल्युअरचे मृत्यू तो नियम येण्याआधीपासूनच चढत होते, म्हणून वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंनी तोच मेडिकेअरचा डेटा वापरलाय आणि वेगवेगळ्या निष्कर्षांना आलेत. यात क्रमहोल्झ यांच्या बाजूने सांगण्यासारखं हे, की इतरांना डेटा उघडा करून देण्यासाठी त्यांनी येलमध्ये ‘योडा’ प्रकल्प उभा केला, औषध कंपन्यांच्या चाचण्यांचा मूळ डेटा बाहेरच्या संशोधकांना मिळावा म्हणून. तपासू द्या, असं म्हणणारा माणूस आहे. पण दंडाच्या बाबतीत माझं मत तुमच्याकडे झुकतं. मोजा, जाहीर करा, पैसे कापू नका. पैसे आले की रुग्ण मागे आणि आकडा पुढे जातो. हे माझं वैयक्तिक मत.

डॉ_पानगळ
असहमत. पैसे कापले जाण्याआधी डिस्चार्जनंतर रुग्णाला फोन करणारं एकही रुग्णालय माझ्या पाहण्यात नव्हतं.

रातराणी
मी सॉफ्टवेअरमधली आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच येतं: रोज घरून वजन आणि लक्षणं कळवायची यंत्रणा लावा, बिघाड आधीच कळेल, प्रश्न सुटला. हे कोणी करून पाहिलंय का?

उंबरठा
पाहिलंय. त्यांच्याच गटाने, २०१० मध्ये. हार्ट फेल्युअरचे १,६५३ रुग्ण. निम्म्यांनी रोज फोनवरच्या यंत्रणेला वजन आणि लक्षणं सांगायची, डॉक्टरांची टीम ते बघणार. सहा महिन्यांत पुन्हा दाखल किंवा मृत्यू: यंत्रणेच्या गटात ५२.३ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५१.५. फरक शून्य. सुमारे १४ टक्के लोकांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले. मला हे पटतं. बाबांना यंत्राशी बोलायचा कंटाळा यायचा, ओळखीच्या सिस्टरचा फोन आला की दहा मिनिटं सांगत बसायचे.

आपल्या अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल त्यांनी तसाच छापला, याचं मला कौतुक वाटतं.

रातराणी
ओह. हे माहीत नव्हतं. म्हणजे नुसता डेटा पुरत नाही, पलीकडे कोणीतरी हवं.

दवबिंदू
धागा कुठून कुठे गेला, आणि किती चांगला गेला! माझ्या मूळ प्रश्नात मी ‘मृत्यूदर’ हाच एक निकाल धरला होता. शेवंतींची आई वाचली, उंबरठांचे बाबा वाचले, म्हणजे आकड्यांत दोघेही ‘यशस्वी’. पण त्यांना जिना चढता येतो का, रात्री आडवं झोपता येतं का, हे कोणी मोजतं का?

डॉ_पानगळ
मोजतात. डॉ. जॉन स्पर्टस आणि सहकाऱ्यांनी २००० साली हार्ट फेल्युअरसाठी २३ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, कॅन्सस सिटी कार्डिओमायोपॅथी प्रश्नावली. अंघोळ करताना किती त्रास, जिना चढताना किती, सूज किती वेळा, धापेमुळे बसून झोपावं लागतं का. उत्तरांवरून ० ते १०० गुण. हे गुण खालावले की पुढे दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता वाढलेली असते. आता नव्या औषधांच्या चाचण्यांतही ती सर्रास वापरतात. वॉर्डात अजून फार कमी.

आणि मोजमापं शिळीही होतात, हेही लक्षात ठेवा. १९९० च्या दशकात झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि ताण कमी करणारं औषध) द्यायलाच हवं अशा वयस्क रुग्णांपैकी निम्म्यांनाच ते मिळत होतं. क्रमहोल्झ यांनी हे १९९८ मध्ये दाखवून दिलं, मग ते गुणवत्तेचं मोजमाप झालं आणि प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. पण ते पुरावे स्टेंटच्या आधीच्या काळातले होते. २०२४ मध्ये ५,०२० रुग्णांच्या ‘रिड्यूस-एएमआय’ चाचणीत, पंपिंग चांगलं असलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये आलेल्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. पंपिंग कमी असेल तर औषध आजही आवश्यकच. (हे वाचून कोणीही गोळी स्वतःहून बंद करू नये. अचानक बंद करणं धोक्याचं.)

खोडरबर
डॉक्टर, मग घरच्यांनी डिस्चार्जच्या दिवशी नेमकं काय विचारायचं? माझ्या काकांना परवा सोडतायत. झटका येऊन गेला, स्टेंट टाकलाय, पंपिंग थोडं कमी आहे म्हणाले.

डॉ_पानगळ
पंपिंगचा आकडा कागदावर लिहून घ्या. कोणती गोळी कशासाठी आणि किती महिने, विशेषतः रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. त्यातली एकही कोणाच्या सांगण्यावरून मध्येच थांबवायची नाही, दाताच्या डॉक्टरच्याही नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. पुढची भेट आठवड्या-दोन आठवड्यांतली, आणि ती तारीख निघण्याआधी ठरवून घ्या. कार्डिॲक रिहॅब, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम आणि मार्गदर्शन, सुचवलं नाही तर तुम्हीच विचारा. याने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा दाखल होणं दोन्ही कमी होतं, आणि तरी मेडिकेअरच्या एका जुन्या पाहणीत झटक्यानंतर फक्त १४ टक्के लोक तिथे पोहोचले होते.

उंबरठा
आणि पहिले काही दिवस बाथरूमला जाताना कोणीतरी सोबत असू द्या. प्लीज.

खोडरबर
नक्की. वजनाचं काय? रोज करायचं का? किती वाढलं की फोन करायचा?

डॉ_पानगळ
पंपिंग कमी आहे म्हणून हो. सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन-सव्वादोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. धाप लागली किंवा पुन्हा छातीत दुखलं तर वजन बघत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. फोन कोणत्या नंबरवर करायचा आणि रात्री तो कोण उचलणार, हेही परवा तिथेच विचारून घ्या.